शेड नंबर वीस

नव्या मॅनेजरनं हेडबाईंना पाठवलेली चिठ्ठी दोन ओळींची होती. शुक्रवारच्या चाचणीनंतर जुनी लायब्ररी कायमची काढून टाकण्यात येईल, असं पहिल्या ओळीत होतं आणि दुसऱ्या ओळीत शुभेच्छा होत्या. हेडबाईंनी चिठ्ठी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर "नाही" एवढंच लिहिलं आणि शिपायाच्या हाती परत पाठवून दिली.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. रंगाच्या कारखान्यात पुस्तकं वाचायला सवड कुणाला आहे? ही लायब्ररी म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल होती. पांढऱ्या बेसमध्ये कुठला रंग किती थेंब घातला की कुठला शेड तयार होतो, हे गणित ती करायची, मशीनकडून बादली भरून घ्यायची आणि वर चिकटवायचं लेबलही छापायची. हेडबाईंनी ती तेवीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिली होती. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि राग आत्ताएवढाच होता. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्यांचा कोड छापून घेऊन त्यावर लाल पेनानं रेघोट्या ओढायची त्यांना सवय होती, म्हणून हे नाव पडलं.

त्या तेवीस वर्षांत कारखान्याचं मशीन बदललं, छप्पर बदललं, तीन मॅनेजर बदलले. फाइल तेवढी तशीच राहिली, कारण ती बदलणं शक्यच नव्हतं. मूळ कोड ज्या कॉम्प्युटरवर होता तो एका स्वच्छता मोहिमेत दोन मोडक्या पंख्यांबरोबर भंगारात गेला होता. शेडची यादी वेगळी असे, तिच्यात नवे शेड भरता येत. पण लायब्ररी आता फक्त चालवता येत होती, उघडून दुरुस्त करता येत नव्हती.

"मॅडम, तेवीस वर्षं जुनी गोष्ट कुणी चालवतं का हो?" मॅनेजर तासाभरात स्वतःच येऊन म्हणाला.

"तुमचं वय किती?"

"अठ्ठावीस."

"मग? चालवतोच आहोत ना आम्ही."

मॅनेजरनं हे मनाला लावून घेतलं नाही. त्याच्याकडे बाहेरच्या एका कंपनीनं केलेली नवीकोरी लायब्ररी होती. त्या कंपनीनं अभ्यासाला म्हणून कारखान्यातल्या सगळ्या जुन्या फाइली मागून नेल्या होत्या आणि पाच महिने खपून गुळगुळीत पडदे, गोल गोल बटणं असं सगळं करून आणलं होतं. तरीही मोठ्या साहेबांनी हेडबाईंना एक संधी द्यायला सांगितलं होतं. त्यांनी नवीन मशीनसाठी नवा प्रोग्राम लिहावा, त्यातून जुनी लायब्ररी वापरावी आणि शुक्रवारी चाळीस बादल्या भरून दाखवाव्यात. जमलं तर लायब्ररी राहील. नाही जमलं तर लायब्ररी जाईल आणि हेडबाईंची बदली माहितीपत्रक विभागात होईल. तिथं उरलेली वर्षं "वापरण्यापूर्वी चांगले ढवळावे" असं लिहीत बसावं लागलं असतं.

"आणि एक अट आहे," मॅनेजर म्हणाला. "तुमचा प्रोग्राम जुन्या लायब्ररीला बांधलेला नको. उद्या ती फाइल मी काढली तरी प्रोग्राम सुरू झाला पाहिजे."

"बांधायचं नाही ना? मग हाक मारू," हेडबाई म्हणाल्या.

एरवी प्रोग्राम तयार करतानाच लायब्ररी त्याला जोडून टाकतात. त्यासाठी लायब्ररीतल्या कुठल्या फंक्शनला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, काय काय द्यायचं याची एक यादी लागते, आणि तीही पंख्यांबरोबर भंगारात गेली होती. म्हणून हेडबाईंनी दुसरी वाट धरली. प्रोग्राम आधी सुरू होईल, मग चालता चालता ती जुनी फाइल उघडेल आणि तिच्यातलं फंक्शन नावानं शोधेल. मोठ्या इमारतीच्या फाटकावर जाऊन वॉचमनला नाव विचारावं, तसंच हे. वॉचमन खोली नंबर सांगतो, जिने चढून दार आपण वाजवायचं. आतल्या माणसाच्या हातात आधी काय ठेवायचं आणि मग काय, हे तो सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असावं लागतं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं नेमकं तेच विचारलं. नवरा म्हणजे कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रक सगळ्या भाषांत वाचून काढणारा माणूस.

"अगं, पण त्या फंक्शनला आधी काय द्यायचं, नंतर काय, हे कुठं लिहून ठेवलंयस का?"

"डोक्यात आहे."

"तेही तेवीस वर्षं जुनं झालंय."

"अहो, स्वतःच्या पोरांना हाक मारताना मी जन्मदाखला बघते का?"

"बघत नाहीस, म्हणूनच थोरल्याला बोलवायचं असलं की आधी धाकट्याचं नाव घेतेस." नवऱ्यानं ताटातली भाजी संपवली. "माळ्यावर तुझी जुनी डायरी असेल. काढू का?"

"शिडीला हात लावायचा नाही. मी लिहिलेलं आहे, मला कुणाला विचारायची गरज नाही."

गुरुवारी दुपारी हेडबाई कारखान्यात खाली उतरल्या. मशीनपाशी रंगमिस्त्री होता. तीस वर्षं रंग मिसळून त्याच्या नखांना कायमचा निळसर रंग आला होता. जुन्या दिवसांत तो मशीनवर हात ठेवून बसायचा आणि ऑर्डर मोठ्यानं ओरडून घ्यायचा. आता त्याचं स्टूल गेलं होतं. मशीनभोवती मॅनेजरनं पिवळी रेष मारून घेतली होती आणि मशीन चालू असताना रेषेच्या आत कुणी यायचं नाही, असा लेखी हुकूम काढला होता.

"मिस्त्री, दहाची बादली लावा. शेड दहा."

"दहा लिटर, दहा नंबर!" मिस्त्री सवयीनं ओरडला आणि बादली लावून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.

हेडबाईंनी पडद्यावरच्या चौकटी भरल्या. हल्लीच्या पद्धतीनं आधी शेड, मग लिटर. मशीन घुरघुरलं, लेबल चिकटलं, बादली भरली आणि बरोब्बर काठाखाली दोन बोटं थांबली. हस्तिदंती रंग, अगदी जसा हवा तसा. तेवीस वर्षांपूर्वीच्या फंक्शननं एका हाकेत ओ दिली होती. हेडबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी आणखी सहा वेळा तीच चाचणी घेतली आणि सहाही वेळा हस्तिदंती निघाला.

"बाई, दुसरा एखादा शेड घेऊन बघा की," मिस्त्री म्हणाला.

"दहाला चालतं ते चारशे बाराला का नाही चालणार?"

असं दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याच्या कागदावर हेडबाईंनी लाल शाई सांडली असती. पण गेला आठवडाभर त्या मॅनेजरशी मनातल्या मनात भांडत होत्या, आणि भांडताना माणसाला आपलं बरोबरच वाटतं.

शुक्रवारी अकरा वाजता मोठे साहेब आले. तेवीस वर्षांपूर्वी ते उत्पादन विभागाचे प्रमुख होते आणि हेडबाई त्यांच्या हाताखाली होत्या. तेव्हा साहेब चिडले की आधी कान, मग गाल, मग कपाळ अशी लाली चढत जायची. आता पद वाढलं होतं आणि लाली डॉक्टरांनी बंद केली होती.

"शाळेच्या इमारतीची ऑर्डर आहे सर," मॅनेजर म्हणाला. "शेड चारशे बारा, फिकट निळा. वीस लिटरच्या चाळीस बादल्या."

चाळीस रिकाम्या बादल्या पट्ट्यावर रांगेत उभ्या होत्या. हेडबाईंनी चौकटी भरल्या, आधी चारशे बारा, मग वीस, आणि बटण दाबलं. नवीन मशीन आधी सगळ्यांची लेबलं लावायचं आणि मग भरायला घ्यायचं. लेबलं टकाटक लागत गेली. मॅनेजर पहिल्या बादलीवर वाकला. तो इतका वेळ वाकून राहिला की साहेबांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"सर, मी वाचलेलं बरं दिसणार नाही."

तेवढ्यात मशीननं भरायला सुरुवात केली. बादलीत पांढरा बेस पडू लागला. निळ्याचा एक थेंबही नाही. बादली भरली, काठोकाठ झाली, तरी मशीन थांबेना. बेस बाहेर आला, पट्ट्यावरून खाली आला आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखा, पिवळ्या रेषेकडे निघाला.

"मिस्त्री, लाल बटण दाबा!" मॅनेजर ओरडला.

"रेषेच्या आत यायचं नाही असा हुकूम आहे."

"अहो, मी सांगतोय ना!"

"तो लेखी आहे. हे तोंडी झालं. लेखी द्या."

मॅनेजर स्वतःच धावला. दुसऱ्या पावलाला त्याचा पाय सरकला आणि तो पट्ट्याला मिठी मारून उभा राहिला. शेवटी मोठे साहेब बेसमधून पचक पचक चालत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. मशीन थांबलं. साहेबांचे काळे बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. समोर चाळीस बादल्या होत्या, आणि चाळीसही बादल्यांवर ठळक अक्षरांत एकच मजकूर होता:

असा रंग जगात नाही. असलाच तर साहेबांच्या तोंडावर बघा.

मिस्त्रीनं तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

ती ओळ हेडबाई साफ विसरल्या होत्या. नसलेला शेड कुणी मागितला तर छापायची ओळ होती ती. नसलेला शेड कुणी मागणारच नाही, अशा खात्रीनं तेव्हा लिहून टाकलेली. लायब्ररी गेली, नाव गेलं, आता जन्मभर ढवळावे ढवळावे लिहायचं, हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच त्यांना इतका राग आला की त्या एक पाऊल पुढं आल्या.

"मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षांपूर्वी. लेबलावरची अक्षरं तुम्ही अकरा वेळा बदलायला लावलीत, आणि बाराव्या वेळी म्हणालात, पहिलीच बरी होती."

"म्हणून हे असं?"

"तेव्हा ते खरं होतं."

"सर, चाचणी संपली," पट्ट्याला धरूनच मॅनेजर म्हणाला. "मॅडमनी माफी मागावी आणि—"

"माफी सांडलेल्या रंगाची मागते. त्या ओळीची नाही."

मिस्त्री रेषेबाहेरूनच मान लांब करून मशीनवरचे आकडे वाचत होता.

"बाई, हे बघा," तो म्हणाला. "मशीनला चारशे बारा लिटर भरायला सांगितलंय. वीस नंबरचा शेड."

"उलटं कसं होईल? मी शेड आधी दिला."

"आधी शेड? आपण जन्मात कधी आधी शेड सांगितलाय का? आधी बादली नको का लावायला? वीस लिटर, चारशे बारा नंबर! असंच ओरडायचो ना आपण?"

हेडबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेवीस वर्षांपूर्वी त्या याच माणसाशेजारी बसून ते फंक्शन लिहीत होत्या आणि तो ओरडायचा त्याच क्रमानं त्यांनी ते लिहिलं होतं. आधी लिटर, मग शेड. दोन्ही नुसते आकडेच, त्यामुळे उलटे दिले तरी फंक्शन तक्रार करत नव्हतं. आणि चाचणी त्यांनी कशावर घेतली? दहा लिटर, दहा नंबर. ते उलटं केलं तरी दहाला दहाच राहतं. सात वेळा घेतली होती, सत्तर वेळा घेतली असती तरी हस्तिदंतीच निघाला असता.

त्यांनी परवानगी मागितली नाही. बेसमधून चालत जाऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या, एका ओळीतल्या दोन शब्दांच्या जागा बदलल्या आणि प्रोग्राम पुन्हा तयार केला.

"सर, नियमानं—" मॅनेजर म्हणाला.

"गप्प बसा जरा," साहेब म्हणाले. बूट तर तसेही गेलेच होते.

मिस्त्रीनं पहिली बादली बदलली आणि सगळ्या लेबलांवर नवी लेबलं लागतील असा पट्टा मागं घेतला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. "वीस लिटर, चारशे बारा नंबर!" हुकूम रेषेच्या आत येण्याबद्दल होता, ओरडण्याबद्दल नव्हता. मशीन घुरघुरलं. फिकट निळा. दुसरी बादली, फिकट निळा. चाळिसावी भरेपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.

मधल्या वेळात हेडबाईंनी फोन पाहिला. नवऱ्याचा निरोप सकाळी साडेनऊलाच येऊन पडला होता. "शिडीवर चढलो, रागावू नकोस. डायरी सापडली. आधी लिटर, मग शेड. शेवटच्या पानावर साहेबांविषयी एक ओळ आहे, ती लोकांना दाखवू नकोस." त्यांनी फोन परत पर्समध्ये टाकला.

मॅनेजर मात्र हार मानायला तयार नव्हता. "सर, रंग बरोबर आला, कबूल. पण ग्राहकाशी बोलायची ही रीत झाली का? आपली नवी लायब्ररी बघा किती अदबीनं बोलते. मी मुद्दाम चुकीचा शेड देतो. वीसच देतो." त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर गोल बटणं दाबली. नव्या प्रोग्रामची संगीताची धून वाजली, पडद्यावर फुलं उमलली आणि रंगीत लेबल बाहेर आलं. मॅनेजरनं ते न बघताच साहेबांच्या हाती दिलं.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "प्रिय ग्राहक, असा रंग जगात नाही. असलाच तर साहेबांच्या तोंडावर बघा. आपला दिवस आनंदात जावो."

मॅनेजरनं लेबल हिसकावून घेतलं आणि उलटंपालटं करून पाहिलं.

"अभ्यासाला नेली होती ना फाइल?" हेडबाई म्हणाल्या. "अभ्यास चांगला झालेला दिसतोय. बाहेरून रंगरंगोटी केली आणि आतून माझ्याच फंक्शनला हाक मारली. निदान लिटर आणि शेड तरी बरोबर दिलेत त्यांनी, तेवढे मार्क देते."

"हे सिद्ध करावं लागेल," मॅनेजर म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता.

हेडबाईंनी त्याच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलच्या नावातलं एक अक्षर बदललं आणि म्हणाल्या, "आता करा सुरू." नव्या प्रोग्रामनं अर्धी धून वाजवली, आवश्यक फाइल सापडत नाही असं सांगितलं आणि तो बंद पडला. मग त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तेच केलं. त्यांचा प्रोग्राम निमूटपणे सुरू झाला आणि जुनी लायब्ररी जागेवर नसल्याचं सांगून वाट पाहत थांबला.

"तुमचीच अट होती," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "चांगली अट होती. त्यांनाही घालायला हवी होती."

मॅनेजर खाली बघून बुटावरचा रंग कागदानं पुसू लागला. तो कागद त्याच्याच हुकुमाचा होता, हे मिस्त्रीनं पाहिलं आणि सोडून दिलं.

"हेडबाई," साहेब म्हणाले. हे नाव त्यांनी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. "लायब्ररी राहील. तुम्हीही इथंच राहाल. पण ती ओळ आजच्या आज काढून टाका."

"निघणार नाही."

"हट्ट पुरे झाला आता."

"हा हट्ट नाही साहेब. ओळ काढायची तर मूळ कोड पाहिजे. तो भंगारात गेला. आता ही फाइल ठेवायची तर ओळीसकट ठेवायची, आणि काढायची तर ओळीसकट काढायची. भंगाराच्या यादीवर तेव्हा मी लिहिलं होतं, हा कॉम्प्युटर देऊ नये म्हणून. त्याच्या खाली 'द्यावा' अशी सही तुमची आहे. माझ्याकडे नक्कल आहे."

आधी साहेबांचे कान तापले. मग गालांवर चढत चढत लाली कपाळापर्यंत गेली. डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं परत आलं होतं. मिस्त्रीनं खिशातून शेड कार्ड काढलं, एक डोळा बारीक करून ते साहेबांच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि कारागिराच्या निर्मळ मनानं मान हलवली.

"बाई, वीस नंबर रिकामाच आहे ना? नोंदवून घ्या, मी मिसळायला घेतो. साहेब, पाच मिनिटं असेच उभे राहा हं."